जात्याची तारीख

उधना, सुरत
आषाढ, शुक्रवार

प्रिय ताई,

गावाकडचं घर आवरायचं ठरलं आहे, तर पितळी हंडे, घंगाळ, जातं, मांड्यांचं खापर आणि लुगड्यांच्या गोधड्या यांचं काय करायचं, हा तुझा पहिला प्रश्न. यंदा कानबाई देवी सुरतेत बसवायची तर सजावटीपासून पुरणपोळीपर्यंत सगळं तयार आणून मोकळं का होऊ नये, हा दुसरा. मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात, म्हणून उत्तरही एकत्रच लिहितो. घरातली जुनी वस्तू नुसत्या मायेने टिकत नाही आणि कपाटात ठेवूनही टिकत नाही. वर्षातून निदान एक दिवस तिच्यावाचून घराचं अडावं लागतं. असा दिवस ज्या वस्तूला आहे ती राहते, तिच्यासोबत ती वापरणारा हातही राहतो. ज्या वस्तूला असा दिवस नाही, ती आज ना उद्या मोडीत जाते. मग घरातल्यांचा जीव तिच्यात कितीही गुंतलेला असो.

जात्याचंच बघ. पिठाची गिरणी आली आणि रोजच्या दळणातून जातं गेलं. त्याचं दुःख करण्यासारखं काही नाही. पहाटे उठून ओढलेल्या त्या दगडाने किती बायकांचे खांदे भरून आले असतील, ते आठवून गिरणीचे आभारच मानावेत. पण दळण थांबलं तशा ओव्याही थांबल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या आज वाचायला, ऐकायला मिळतात. आपल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींचं काव्यही घरच्यांनी ऐकता ऐकता टिपून ठेवलं म्हणून 1952 साली पुस्तकरूपाने आलं. त्याच्या आदल्याच वर्षी त्या गेल्या होत्या. टिपणारं कुणी नव्हतं अशा किती जणींचं गेलं असेल, त्याचा हिशेब कुणापाशी नाही. आता याची दुसरी बाजू बघ. स्वयंपाकघरातून गेलेलं तेच जातं लग्नघरात अजून येतं. हळद दळायची, मुसळाला आंब्याची पानं बांधायची, सुवासिनींनी खुंट्याला हात लावायचा. शहरातल्या लग्नात त्यासाठी कुणाकडून तरी जातं मागून आणतात, पण आणतात. पीठ दळायला त्याची गरज उरली नाही, तरी हळदीच्या दिवसाने ते धरून ठेवलं. रोजच्या उपयोगापेक्षा विधीची पकड अशी घट्ट असते.

याच शहरातले दोन धंदे पाहिले की हे आणखी स्पष्ट होतं. सुरतेची जर देशभर जाते. पैठणीला, बनारसीला, कांजीवरमला ती लागते. सोन्याचांदीच्या तारेची जागा पुष्कळ ठिकाणी तांब्याच्या तारेने घेतली, पुढे प्लास्टिकची चकचकीत जरही आली, पण जरीचं काम बंद पडलं नाही. लग्नात जरीकाठ लागतोच, आणि लग्नं दरवर्षी होतात. सुरतेचीच दुसरी कला सादेली. लाकूड, हस्तिदंत आणि धातू यांच्या बारीक पट्ट्या जुळवून, त्यांचे पातळ काप पेट्यांवर चिकटवून केलेलं हे भूमितीच्या नक्षीचं काम इराणातून आलं, असं मानतात. कौशल्य म्हणशील तर जरीपेक्षा तसूभर कमी नाही. पण या पेट्यांना मोठं गिऱ्हाईक मिळालं ते साहेबांच्या बंगल्यांत, टेबलावर मांडून ठेवण्यासाठी. ते गिऱ्हाईक गेलं, पुढे हस्तिदंतावर बंदी आली, आणि आज हे काम जाणणारे कारागीर मोजकेच उरले आहेत. मांडून ठेवायच्या वस्तूची आवड बदलली की वस्तू संपते. सणाला लागणाऱ्या वस्तूचं तसं होत नाही, कारण सण कुणाच्या आवडीची वाट पाहत नाही. तो तिथीला येतोच.

तू म्हणशील, मग संग्रहालयं कशासाठी? पुण्याच्या दिनकर केळकरांनी जन्मभर घरगुती वस्तू जमवल्या, दिवे, अडकित्ते, भांडी, पेट्या, आणि 1975 मध्ये तो सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. त्यांचे उपकार आहेतच. पण संग्रहालयातला अडकित्ता कसा दिसतो एवढंच कळतं. सुपारी कातरताना बोट कुठे ठेवायचं, हे काचेमागून कळत नाही. खापराचं तर त्याहून अवघड. मांड्यांची कणीक किती सैल भिजवायची, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत कसा वाढवायचा, आणि तो तापलेल्या खापरावर न फाटता कसा टाकायचा, हे खापराशेजारी उभं राहूनच शिकता येतं. आपल्या घरात ती संधी वर्षातून दोनतीनदाच येते, आणि तुझा प्रश्न नेमका त्यातल्याच एका दिवसाबद्दल आहे.

कानबाईचा सण मला म्हणूनच फार शहाणा वाटतो. नागपंचमीनंतरचा रविवार, सव्वाच्या मापाने घ्यायचा नैवेद्याच्या रोटांचा गहू, जमलेली सगळी भाऊबंदकी, रात्रभर अहिराणी गाणी आणि फुगड्या, सोमवारी सकाळी नदीवर निरोप. आणि देवी कशाची, तर नारळाची. त्यालाच डोळे, त्यालाच नथ, त्यालाच मंगळसूत्र. काही घरांत एकच नारळ पिढ्यानपिढ्या जपलेला असतो. जगातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात त्या नारळाला कुणी दमडी देणार नाही, आणि घराला मात्र त्याची किंमत करता येणार नाही. देवीला मूर्तिकार लागत नाही, घरातल्यांचे हात पुरतात. चौरंग मांडायचा, केळीचे खांब बांधायचे, दागिने घालायचे, प्रत्येक कामाला माणूस हवा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही हेच. घागर मातीची हवी, तीही दरवर्षी नवी, तिच्यावर डांगर, आंबे आणि सांजोऱ्या. घागर नवीच लागते म्हणून गावात कुंभाराचं चाक अजून फिरतं. म्हणजे हे सण जुनी वस्तू जपतात, नवी वस्तू घडवून घेतात, आणि दोन्हीसाठी घरातल्या माणसाला कामाला लावतात.

आता गोधडी. इथे माझंच म्हणणं अडचणीत येतं, ते आधीच कबूल करतो. गोधडीला तिथी नाही. बाळ जन्मलं की एक दुपटं शिवतात, तेवढाच तिचा सण. शिवाय आपण राहतो ते शहर पॉलिस्टरच्या साड्यांचं. अशा साडीची गोधडी होत नाही. थर एकमेकांवरून सरकतात, टाका बसत नाही, घाम शोषला जात नाही. गोधडीला वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं सुती लुगडंच लागतं. सुती लुगडी नेसणारी पिढी संपत आली, म्हणजे नव्या गोधडीचं कापडच संपत आलं. म्हणून लुगड्यांच्या त्या गोधड्या विकू नकोस, वाटून टाक. ज्या घरात पुढचं बाळ येईल त्या घरात एक जावी, आणि बारशाला बाळ तिच्यावरच निजवावं असं आपण ठरवू. तिथी नसेल तर आपण लावून देऊ. सगळ्याच चालीरीती कुणीतरी कधीतरी सुरू केलेल्या असतात.

तुझा सगळ्यात जड आक्षेप बायकांच्या कष्टांचा आहे, आणि त्याला मी हलक्या हाताने उत्तर देणार नाही. लिंबायत, उधना, डिंडोली इथल्या गल्ल्यांत हातकाम हा विरंगुळा नाही. आपल्या खानदेशातून आलेल्या कितीतरी बायका घरी बसून साड्यांना लेस लावतात, टिकल्या आणि स्टोन चिकटवतात, धागे कापतात, आणि पैसे नगावर मिळतात. सकाळचा स्वयंपाक उरकून बसायचं ते मान आखडेपर्यंत. अशा बाईला सणासाठी आणखी काहीतरी हाताने करा म्हणून सांगणं निर्दयपणाचं वाटतं, हे तुझं म्हणणं खरं आहे. पण त्यावरून निघणारा तुझा निष्कर्ष मला पटत नाही. टिकली कुठे लावायची हे साडीवर आधीच ठरलेलं असतं, किती लावायच्या हे ठेकेदार सांगतो, आणि ती साडी कोण नेसणार हे लावणारीला कधीच कळत नाही. तोच हात कानबाईच्या साडीला काठ लावतो तेव्हा रंग तिने निवडलेला असतो, घाई कुणी करत नाही, आणि केलेलं काम रात्रभर सगळ्या भाऊबंदांच्या डोळ्यांसमोर असतं. माणसाच्या हाताला दिवसभर दुसऱ्याचंच काम करावं लागत असेल, तर वर्षातला एक दिवस स्वतःचं काम करायला मिळणं हा त्याचा हक्क आहे. अडचण हातकामात नाही, ते सगळं एकाच बाजूच्या हातांवर पडतं यात आहे. उपायही तिथेच करायला हवा. निवडणं, दळून आणणं, पाणी भरणं, भांडी घासणं, मांडव बांधणं, ही कामं पुरुषांची, असं ठरवून टाकू. पुरण वाटायला मिक्सर वापरू, पाट्याचा हट्ट नको. हाताने करायचं ते थोडंच करू, पण ते सगळ्यांनी.

दहा बाय पंधराच्या खोलीत जातं आणि घंगाळ कुठे ठेवणार, हा प्रश्न तसा सोपा आहे. प्रत्येक घरात ठेवायचंच नाही. जातं भाऊबंदकीत एकच असावं आणि ज्याच्या घरी लग्न त्याच्याकडे जावं. घंगाळाला आपल्याकडे आता काही काम नाही, ते खुशाल वीक. दोन हंडेही वीक. सगळंच ठेवू म्हणणारा माणूस शेवटी काहीच वापरत नाही. आजकाल जुनी पितळ हॉटेलांच्या दारात फुलं भरून ठेवतात. त्यात वाईट काही नाही, पण ते जपणं नव्हे. जरीच्या जुन्या लुगड्यांबाबत मात्र सावध राहा. दारावर येणारा खरेदीदार त्यांचा भाव आतल्या चांदीच्या वजनावर करतो. ज्या लुगड्यात एक लग्न आणि चार बारशी झाली त्याला तराजूत घालू नकोस. ते कानबाईला नेसवू.

तयार माल घेण्यातही आपल्याच माणसांचं पोट आहे, हे तू बरोबर लिहिलंस. सुरत उभी आहे तीच तयार मालावर. खापरावरचे मांडे करून विकणाऱ्या बचत गटातल्या बायकांनाही त्यातून चार पैसे मिळतात, आणि एरवी त्यांच्याकडून जरूर घ्यावेत. पण सण संपूर्ण विकत मिळाला की काय होतं, ते मुलींच्या भुलाबाईच्या खेळात दिसलं. तिला तर एक दिवस नव्हे, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत अख्खा महिना होता. तरी ती कितीतरी घरांतून ओसरली. मुली संध्याकाळी शिकवणीला जाऊ लागल्या हे एक कारण. दुसरं असं की खिरापत घरी करायची आणि झाकून ओळखायला लावायची, हा त्या खेळाचा जीव होता. पुडा फोडून वाटायला लागल्यावर ओळखायचं काय राहिलं? नुसती तिथी पुरत नाही, हे मला भुलाबाईने शिकवलं. त्या तिथीला हाताने करण्याजोगं काहीतरी उरलेलं हवं.

एक गोष्ट मला स्वतःलाही बोचते. रोट भाऊबंदकीतच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, हा नेम. इथे आपल्या भिंतीला भिंत लागून ओडिशाचं, उत्तर प्रदेशाचं, सौराष्ट्राचं घर आहे. आपण सुरतेच्या चंदी पडव्याला त्यांच्यासोबत घारी खातो आणि आपल्या सणाला दार लावून घेतो, हे बरं दिसत नाही. नेम मोडा असं मी म्हणत नाही, थोरांना ते रुचणार नाही. रोट आपले राहू देत. पण खीर, पुरणपोळी आणि रात्रीची गाणी यांना नेमाची आडकाठी नाही. शेजारणींनी फुगडी घालायला यावं. शहरात सण टिकायचा तर त्याला शेजार लागतो.

आणि पुराचं विसरू नकोस. ऑगस्ट 2006 मध्ये, श्रावणातच, उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने हे शहर दिवसच्या दिवस बुडालं. कपाटं, गाद्या, फोटो, साड्या, सगळं चिखलात गेलं. वस्तूवर भिस्त ठेवणाऱ्याचं सगळं अशा एका रात्रीत जाऊ शकतं. ज्या घरात मांडे करता येणारी चार माणसं होती, त्या घराला खापर नवं आणता आलं. म्हणून माझा हट्ट खापरासाठी कमी आणि ते वापरणाऱ्या हातांसाठी जास्त आहे. आपल्या घरात असे हात आज फक्त तुझे आहेत, आणि तू आता सगळं विकतच आणू म्हणतेस.

तेव्हा माझी विनंती एवढीच. कानबाईच्या आदल्या शनिवारी सकाळीच पोहोचशील अशा बेताने भुसावळकडून येणारी गाडी पकड. नारळ आणि जरीचं लुगडं पिशवीत, आणि खापर गोधडीत गुंडाळून मांडीवर घे, बाकाखाली सरकवू नकोस. गहू मी निवडून ठेवतो. उंडा हातावर कसा फिरवायचा ते या वेळी घरातल्या मुलींना शिकव, मुलांनाही शिकव, आणि मलाही.

तुझा धाकटा भाऊ