हाताला लागलेला तळ

चरबी. समुद्र मोजायच्या जुन्या साधनांच्या यादीत पहिलं नाव तिचंच. समुद्राची खोली मोजायला जहाजावरून शिशाचा ओळंबा सोडत, त्याच्या बुडाला एक खळगा असे. त्यात चरबी थापायची. ओळंबा तळाला टेकला की वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा, जे असेल ते तिला चिकटून वर येई. चरबी कोरी आली तर खाली खडक. नांगर टाकायचा की पुढं सरकायचं, ते या बोटभर घाणीवर ठरायचं. जुन्या सागरी नकाशांत खोलीच्या आकड्याशेजारी तळाच्या जातीचं एखादं अक्षर दिसतं, ते असंच वर आलेलं.

ओळंब्याची दोरी. ब्रिटिश जहाजांवर तिला दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरं कापड, सातवर तांबडं, दहावर भोक पाडलेलं चामडं, तेरावर निळं. कापडाचं पोतही वेगवेगळं, कारण रात्री रंग दिसत नाही, पोत चाचपता येतो. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर, साधारण सहा फूट. इंग्रजांचा ‘फॅदम’ही मुळात पसरलेले हातच. मिसिसिपीवर दोन वाव पाणी लागलं की ‘मार्क ट्वेन’ अशी आरोळी उठे. आरोळी विरली, एका लेखकाच्या टोपणनावात तेवढी राहिली.

वाखाचा दोर. ‘चॅलेंजर’ हे जहाज १८७२ ते १८७६ अशी साडेतीन वर्षं महासागर मोजत फिरलं. तारेनं खोली मोजायचं नवं यंत्र बरोबर होतं, पण पहिल्याच प्रयत्नात त्याचा रहाट चेपला आणि मंडळी पुन्हा दोराकडे वळली. खोल समुद्रात वजन टेकल्याचा हिसका हाताला कळत नाही. म्हणून दोरावरच्या खुणा किती वेळानं पाण्यात जातात ते घड्याळ लावून मोजायचं. खुणेखुणेतला वेळ एकाएकी वाढला की तळ आला. २३ मार्च १८७५ रोजी पश्चिम पॅसिफिकात असाच ४४७५ वावांवर तळ लागला. आठ किलोमीटरहून जास्त, आणि साधन काय, तर दोर नि घड्याळ.

उलटा होणारा थर्मामीटर. हा जरा जवळून पाहण्यासारखा. साधा थर्मामीटर हजार मीटर खाली सोडून वर ओढला तर येताना तो वरच्या कोमट पाण्याचा आकडा घेऊन येणार. म्हणून याच्या नळीला एका जागी चिमटा काढल्यासारखी बारीक मान. नळी खालच्या खाली उलटी केली की पाऱ्याचा धागा नेमका त्या मानेत तुटतो आणि तुटलेला तुकडा दुसऱ्या टोकाला जाऊन पडतो. लंडनच्या नेग्रेटी आणि झाम्ब्रा यांची ही १८७४ सालची करामत. पुढं ती खोलवरचं पाणी भरून आणणाऱ्या नान्सेनच्या पितळी बाटलीला जोडली गेली. तोच नान्सेन, ध्रुवाकडे गेलेला आणि नंतर शांततेचं नोबेल मिळालेला.

बाटली खाली उलटी करायची कशी? तारेवरून एक पितळी वजन सोडायचं. इंग्रजीत त्याला मेसेंजर म्हणत, आपण निरोप्या म्हणू. तो घसरत जाऊन पहिल्या बाटलीवर आपटतो, बाटली कोलांटी खाते, तिच्या झडपा मिटतात, आणि तिच्याखाली टांगलेला दुसरा निरोप्या सुटून पुढच्या बाटलीकडे निघतो. डेकवरचा माणूस तारेला बोटं लावून उभा. टक. बऱ्याच वेळानं पुन्हा टक. जितक्या बाटल्या तितके टक. एक कमी भरला तर खालच्या बाटल्यांची मेहनत वाया. मग बाटल्या वर, आणि भिंगातून पारा वाचायचा, अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत, हलत्या जहाजावर. बाटलीवरच्या जोडीतला एक थर्मामीटर जाड काचेच्या कवचात, दुसरा उघडा. उघड्याला पाण्याचा दाब पिळतो, तो चढा आकडा दाखवतो. दोघांतल्या फरकावरून बाटली नेमकी किती खोल गेली ते कळे.

आता सीटीडी नावाचा, क्षारता-तापमान-खोली एकदम मोजणारा पिंजरा उतरतो आणि सेकंदाला चोवीस नोंदी वर पाठवतो. तो या सगळ्याहून शंभर पटींनी सरस आहे, उगाच गळे काढण्यात अर्थ नाही. फक्त तारेवरचं बोट गेलं.

कोपनहेगनचं पाणी. क्षारता मोजायला सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबानं टाकायचं. बाटलीत दह्यासारखा पांढरा साका धरतो आणि पिवळा रंग विटकरी होताच हात थांबवायचा. एक थेंब जास्त पडला तर नमुना फुकट. तुमचा आकडा नि दुसऱ्या देशातला आकडा जुळावा म्हणून दोघांनीही तपासणी एकाच पाण्याशी करायची. काचेच्या नळ्यांत वितळवून बंद केलेलं ते प्रमाण पाणी १९७५ पर्यंत कोपनहेगनहून जगभर जाई. आपल्याकडेही तेव्हा हीच पद्धत. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत साठच्या दशकात नौदलाची ‘किस्तना’ युद्धनौका संशोधनाला जुंपली होती. त्याच मोहिमेच्या पोटी १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली, जी आज गोव्यात दोना पावलाला आहे.

काजळी धरलेली काच. पोस्टाच्या तिकिटाएवढी. यंत्र पाण्यात उतरताना त्यातली सुई तिच्यावर तापमानाची रेघ ओढे. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या त्या रेघेवरून लपायला थंड थर शोधत. पुढं काजळीच्या जागी सोन्याचा मुलामा आला, मग काचच गेली.

पितळी यंत्र. भारतीय बंदरांच्या भरती-ओहोटीचं भाकीत करायला १८७९ साली लंडनमध्ये बांधलेलं. चंद्रसूर्याच्या एकेका ओढीला एकेक कप्पी, सगळ्यांवरून एकच तार, शेवटी पेन. प्रत्यक्ष भरती नोंदणारा मुंबईच्या अपोलो बंदरावरचा भरतीमापक १८७८ पासूनचा.

ही सगळी अडगळ झाली असं म्हणवत नाही. २०१२ साली ‘चॅलेंजर’चे जुने आकडे आजच्या आर्गो तरंगयंत्रांच्या आकड्यांशी ताडून पाहिले. पृष्ठभागाचं पाणी सरासरी ०.५९ अंशांनी तापलेलं निघालं. हा फरक सांगता आला तो त्या जुन्या आकड्यांमुळं.

यादीत शेवटचं, अजून पुरतं न गेलेलं: तिथीची पाऊणपट. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ तिथीला पाऊणनं गुणून काढतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अवसेला सव्वाअकरा-बारा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती. कालनिर्णय भिंतीवर असेल तर आजची तिथी बघा, पाऊणपट करा, आणि मगच मोबाइल उघडून ताडून पाहा.