उत्तर तपासून मिळेल

जयपूरच्या जंतरमंतरमधल्या मोठ्या सम्राट यंत्रावर सूर्याची सावली दर सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. जरा थांबून पाहिलं तर नुसत्या डोळ्यांना ती चालताना दिसते. ते बांधून घेणाऱ्या सवाई जयसिंग राजाकडे ग्रहगणिताची कोष्टकं होतीच. ती आकाशाशी जुळतात का, हे त्याला पाहायचं होतं. त्याने पोर्तुगालला माणसं धाडली, पॅरिसच्या ला इर या ज्योतिषाची कोष्टकं मिळवली आणि ताडून पाहिली, तर चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा फरक निघाला. त्याच्या पदरी जगन्नाथ सम्राट हा पंडित होता. इतिहासकार त्याला महाराष्ट्रीय ब्राह्मण म्हणतात. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ग्रंथ त्याने अरबीतून संस्कृतात आणला.

जगन्नाथाला राजाश्रय होता. नोकरी सोडून भूजलाच्या संगणकीय मॉडेलांची स्वतंत्र सल्लागार व्हायचं ठरवलं, तेव्हा मला तो नव्हता, आणि विकायचं नेमकं काय हेही धड ठरलेलं नव्हतं. कारण या कामातलं मुख्य हत्यार फुकट मिळतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने 1980च्या दशकात फोरट्रानमध्ये लिहिलेला ‘मॉडफ्लो’ हा प्रोग्राम कोणीही उतरवून घेऊ शकतो. तो पायथॉनमधून चालवण्यासाठी लागणारं ‘फ्लोपाय’सुद्धा मोफत आहे. मग ग्राहक पैसे कशाचे देतो?

याचं उत्तर राजस्थानच्या जमिनीनेच दिलं. या राज्यात दरवर्षी जेवढं भूजल उपसण्याजोगं असतं त्याच्या जवळजवळ दीडपट उपसलं जातं. मॉडफ्लो जमिनीचे चौकोनी कप्पे पाडतो आणि प्रत्येक कप्प्यातली पाण्याची पातळी काढतो. जुन्या आवृत्त्यांमध्ये पातळी कप्प्याच्या तळाखाली गेली की तो कप्पा कोरडा ठरून हिशोबातून बाद होतो, आणि त्यातल्या बोअरवेलचा उपसाही त्याच्याबरोबर शून्य होतो. शेतावरचा पंप चालूच असतो, शेतकरी बोअर आणखी खोल नेतो; कागदावर मात्र उपसा आपोआप घटलेला असतो. शेवटी छापून येणारा पाण्याचा ताळेबंद जमा-खर्च बिनचूक जुळल्याचं सांगतो. तो जुळतोच, कारण खर्चाची बाजूच गळालेली असते! जयपूरजवळच्या चोमूसारख्या अतिउपशाच्या भागासाठी असं मॉडेल कोणी डोळे मिटून चालवलं, तर दहा वर्षांनंतरचं चित्र आहे त्यापेक्षा बरं दिसेल. 2011 साली आलेल्या ‘मॉडफ्लो-एनडब्ल्यूटी’त यावर तोड आहे: कप्पा बाद होत नाही, पाणी संपत आलं की विहिरीचा उपसा हळूहळू कमी होतो. पण किती कमी झाला, हे वेगळ्या नोंदीत जाऊन बघावं लागतं. मागितलेला उपसा आणि प्रत्यक्ष झालेला उपसा यांचा तक्ता मी प्रत्येक अहवालात पहिल्या पानांवर घालते. त्या तक्त्यासाठी माझी फी आहे, असं मी आता ग्राहकाला सरळ सांगते.

दुसरं, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं गणित आधी सोडवून दाखवायचं. 1935मध्ये चार्ल्स थाइस या अमेरिकन जलशास्त्रज्ञाने एका विहिरीतून सतत पाणी उपसलं तर आजूबाजूची पातळी कशी उतरेल, याचं सूत्र मांडलं. नवं कोड लिहिलं की ते आधी थाइसच्या सूत्राशी ताडायचं आणि दोन्ही वक्र एकाच आलेखावर काढून द्यायचे. गणित न येणारा कारखानदारसुद्धा दोन रेघा एकमेकींवर बसलेल्या पाहून समजून जातो.

आकड्यांचा उगम मात्र विहिरीवर जाऊनच कळतो. दोरीला फूट, टेपला मीटर, आणि बोअरवाल्याची नोंद जमिनीपासून की पाइपाच्या तोंडापासून, हे कुठेच लिहिलेलं नसतं. “मॅडमजी, पाइप तो डेढ फुट ऊपर है,” हे चहा पिता पिता सहज कानावर पडतं, आणि त्या दीड फुटाने अर्ध्या मीटरच्या आसपास चूक टळते. संगणकासमोर बसून हे कुणालाच सुचणार नाही. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या तरुणांना मी प्रोग्रामिंगच्या आधी विहिरी मोजायला पाठवीन.

व्यवसायाची बाजू रुक्ष आहे, पण तिच्यावरच घर चालतं. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी आली. तांत्रिक सल्लागाराला अनुमानित कराची सोय आहे: जमेच्या निम्मी रक्कम नफा धरून कर भरायचा, खर्चाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही. सर्वांत मोलाची ठरते ती उद्यम नोंदणी. 2006च्या कायद्यानुसार नोंदणीकृत लहान उद्योगाचं बिल करारात काहीही लिहिलं तरी 45 दिवसांच्या आत चुकतं करावं लागतं. पैसे थकले असताना हे कलम नम्रपणे, पण पत्रात लिहून कळवलेलं बरं.

दर तासावर लावावा की कामावर, यावर बरीच चर्चा होते. माझं मत ठाम आहे: कामावर, आणि टप्प्याटप्प्याने. तासावर दर लावला की तपासणीचे तास ग्राहकाला फुकट गेलेले वाटतात, आणि पहिली कात्री तिथेच लागते.

एका ग्राहकाला उपशाचा परिणाम कमी दाखवणारा अहवाल हवा होता. मी मॉडेलची सगळी फाइल त्याच्या भूवैज्ञानिकाकडे दिली आणि म्हटलं, हवं तर तुम्हीच चालवून बघा. त्याने चालवलं, तेच उत्तर आलं, आणि अहवाल तसाच गेला. तेव्हापासून मूळ कोड आणि सगळी आदानं ग्राहकाला देण्याचं कलम माझ्या प्रत्येक करारात असतं. दुसरं कलम पावसाळ्याचं. केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चार वेळा, जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये, निरीक्षण विहिरी मोजतं. नोव्हेंबरच्या नोंदी हाती आल्या की मॉडेल पुन्हा चालवायचं आणि आधीचा अंदाज किती चुकला ते लेखी द्यायचं. बरेच ग्राहक आता याच कामासाठी दरवर्षी फोन करतात.