लांब लहरी आणि आंखूड लहरी

‘रेंज नाहीं’ हे दोन शब्द हल्लीं आमच्या भाषेंत ‘पाऊस नाहीं’ या शब्दांइतकेच रुळले आहेत. पाऊस नाहीं म्हटलें म्हणजे मनुष्य आकाशाकडे पाहतो. रेंज नाहीं म्हटलें म्हणजे तो हातांतला फोन आकाशाकडे धरतो. दोन्ही ठिकाणीं त्याची समजूत एकच असते, कीं जें मिळावयाचें तें वरून पडतें, आणि आपल्या वांट्यास आलें नाहीं तर तें आपलें दैव. पावसाविषयीं मी कांहीं बोलूं शकत नाहीं. परंतु रेंज ही दैवाधीन वस्तु नसून तिला लांबीरुंदी आहे, ती मोजतां येते, आणि कोणत्या भिंतीपाशीं ती थबकेल हेंहि पुष्कळसें अगोदर सांगतां येतें. ही गोष्ट मला पुस्तकानें नव्हे, तर घरच्या एका अडचणीनें नीट शिकविली.

आमचें मूळ घर राजापूर तालुक्यांत, खाडीकडे उतरणाऱ्या एका घळींत आहे. हातभर जाडीच्या जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगळुरी कौलें, पुढें ओटी, आणि मध्यें दिवसाहि दिवा लावावा असें माजघर. तेथें माझी आई एकटी राहते. तिचें वय ७८. आमच्याकडे येऊन राहा म्हणून आम्हीं भावंडांनीं तिला अनेकदां गळ घातली. पण आगर सोडून ती येत नाहीं, आणि तिच्या जागीं मी असतों तर मीहि आलों नसतों. राहतां राहिला फोन. धाकट्या भावानें मोठ्या हौसेनें तिला एक नवा फोन नेऊन दिला. रोज आईचें तोंड दिसावें एवढीच त्याची इच्छा. तोंड दिसूं लागलें खरें, परंतु तें केवळ खळ्यांत. ओटीवर चित्र अडखळे, आणि माजघरांत तर फोन निव्वळ आरसा होऊन बसे. मग भर आषाढांत रोज सायंकाळीं सात वाजतां आई एका हातांत छत्री व दुसऱ्या हातांत फोन धरून शेवाळलेल्या खळ्यांत उभी राही, आणि भाऊ पुण्याहून विचारी, “आई, बरी आहेस ना?”

पुढें तालुक्याच्या डॉक्टरांनीं तिचा रक्तदाब पाहून अंधार पडल्यावर खळ्यांत उतरण्याची मनाई केली. तेव्हां प्रश्न तोंड दिसण्याचा उरला नाहीं. रात्रीं दोन वाजतां तिला घाबरें झालें तर माजघरांतल्या बिछान्यावरून ती शेजाऱ्यांस किंवा १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस हांक मारूं शकेल काय, एवढाच प्रश्न उरला.

दिवाळीच्या सुटींत मी दोन निरनिराळ्या कंपन्यांचीं सिमकार्डें घेऊन घरीं गेलों. फोनच्या सेटिंग्जमध्यें सिमच्या स्थितीचें एक पान असतें. तेथें रेंज आंकड्यांत लिहिलेली सांपडते. फोन कोणत्या पट्ट्यावर बोलत आहे हें दाखविणारीं फुकट साधनेंहि मिळतात. (पट्ट्यांच्या क्रमांकांत मात्र कोणीं संगति शोधूं नये, ३ क्रमांकाचा पट्टा १८०० मेगाहर्ट्‌झचा, तर ८ क्रमांकाचा ९०० चा.) रेंजचा आंकडा नेहमीं उणे असतो, आणि त्यांत दहांचा फरक पडला कीं शक्ति दहापटीनें बदलते. वीसांचा पडला तर शंभरपटीनें. हें ध्यानांत ठेवून मी वही घेऊन खोलीखोलींतून हिंडलों. आई ओटीवर सुपाऱ्या सोलीत बसली होती. “अरे, भिंतींना ताप आलाय का, मोजतोस तो?” असें तिनें विचारलें, आणि उपमा कांहीं वाईट नव्हती.

दोन्ही कंपन्यांचीं यंत्रें सड्यावरच्या एकाच मनोऱ्यावर टांगलेलीं आहेत. पहिलीची रेंज १८०० च्या पट्ट्यावर होती: खळ्यांत उणे ९२, ओटीवर उणे १०१, माजघरांत उणे १२१. म्हणजे ओटीपासून माजघरापर्यंतच्या पंधरा पावलांत शंभर भागांतला एकच भाग शिल्लक राहिला. दुसरीची ९०० च्या पट्ट्यावर होती: खळ्यांत उणे ९४, ओटीवर उणे ९९, माजघरांत उणे १०८. मनोरा तोच, भिंती त्याच, मोजणाराहि तोच. फरक केवळ लहरींच्या लांबीचा.

या लांबीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. फोनच्या सर्व लहरी प्रकाशाच्याच वेगानें, सेकंदास तीन लक्ष किलोमीटर, धांवतात. निराळेपणा त्यांच्या कंपनसंख्येंत असतो. ९०० मेगाहर्ट्‌झची लहर सेकंदाला ९० कोटि वेळां कंप पावते, आणि तिची लांबी सुमारें ३३ सेंटिमीटर, फुटाहून थोडी अधिक, भरते. १८०० ची त्याच्या निम्मी. ५जी साठीं आपल्या देशांत मुख्यत्वें वापरला जाणारा ३३०० च्या वरचा पट्टा घेतला, तर लहर चार-पांच बोटांएवढी होते. मध्यम लहरींवरील आकाशवाणीच्या लहरी शेंकडों मीटर लांब असतात. म्हणूनच जुना रेडिओ डोंगरांच्या कुशींतहि गात असे. लांब लहर डोंगराच्या धारेवरून वळून खालीं उतरते, झाडोऱ्यांतून व दगडी भिंतींतून बरीचशी पार होते. आंखूड लहर सरळमार्गी. वाटेंत सडा आला, ओली पालवी आली किंवा जांभ्याची भिंत आली कीं ती तेथेंच बहुतांशीं खर्ची पडते.

मोकळ्या आकाशांत आंखूड लहर लौकर थकते, असें पुष्कळ लोक मानतात. तें खरें नाहीं. आकाशाला दोघी सारख्याच. परंतु लहर झेलणारी फोनमधली शलाका त्या लहरीच्या लांबीच्या मानानें घडविलेली असते. लहर आंखूड झाली कीं शलाकेची झेलण्याची जागाहि आंखडते; पागोळीखालीं घागर ठेवण्याऐवजीं वाटी ठेवली तर पाऊस तितकाच पडूनहि पाणी थोडें जमतें, तसेंच हें. कंपनसंख्या चौपट केली तर, बाकी सर्व सारखें असतां, हातीं येणारी शक्ति सोळाव्या हिश्शावर येते.

हें वाचून एखादा चलाख विद्यार्थी विचारील, कीं मग सर्वच फोन लांब लहरींवर कां चालवूं नयेत? याचें उत्तर आमच्या वाडीला दरवर्षीं भाद्रपदांत मिळतें. गणपतीला मुंबईचे चाकरमानी येतात, आणि वर्षभर चाळीस माणसें असलेल्या वाडींत तीनशें माणसें व बहुधा तितकेच फोन होतात. रेंजच्या दांड्या सर्वांच्या फोनवर पूर्ण दिसतात, आणि आरतीचें एक छायाचित्र पाठवावयाला अर्धा तास लागतो. माझा चुलतभाऊ दरवर्षीं या मनोऱ्याला शिव्या देतो. परंतु दांड्या केवळ एवढेंच सांगतात कीं मनोऱ्याचा आवाज तुमच्यापर्यंत पोंचतो आहे. त्या आवाजांतून किती मजकूर वाहूं शकेल, आणि तो किती जणांत वांटला जाणार आहे, हें त्या सांगत नाहींत. मजकूर वाहण्याची ताकद पट्ट्याच्या रुंदीवर असते. पाट अरुंद असला तर पाणी कितीहि लांब गेलें तरी एका वेळीं थोडेंच जाणार. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानें १९४८ सालीं हा नियम सूत्रांत बसविला: वेगाची कमाल मर्यादा पट्ट्याच्या रुंदीच्या प्रमाणांत वाढते, आणि रेंज वाढल्यानें मात्र ती फार सावकाश वाढते. आतां ९०० चा मूळ पट्टा पाहावा, तर जाण्यास २५ व येण्यास २५ मेगाहर्ट्‌झ, आणि तोहि कंपन्यांत वांटलेला. उलट ३३०० च्या पट्ट्यांत सरकारनें २०२२ च्या लिलावांत ३७० मेगाहर्ट्‌झ पुढें ठेवले, आणि त्यावर ५जी ची एकच वाहिनी १०० मेगाहर्ट्‌झ रुंद असूं शकते. जुन्या २जी ची वाहिनी ०.२ मेगाहर्ट्‌झची. वेग कोठून येतो हें यावरून दिसेल. लांब लहरींच्या मुलखांत जागाच थोडी; रुंद कालवे खणावयाचे तर वर, आंखूड लहरींच्या प्रदेशांत गेलें पाहिजे, आणि तेथें तर भिंत आडवी येते.

या टंचाईची किंमतहि बाजारानें बरोबर ओळखली आहे. २०२२ च्या त्याच लिलावांत ७०० च्या पट्ट्याची किमान बोली सबंध देशासाठीं दर मेगाहर्ट्‌झला ३,९२७ कोटि रुपये होती, तर ३३०० च्या पट्ट्याची ३१७ कोटि. ७०० चा मेगाहर्ट्‌झ जाण्याचा व येण्याचा असा जोडीनें मिळतो, हें जमेस धरलें तरी भाव सहापट पडतो. हा ७०० चा पट्टा २०१६ व २०२१ च्या लिलावांत महाग म्हणून कोणीहि घेतला नव्हता.

आपल्या देशाचा एक अभिमानाचा तपशील येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्यें फादर लाफाँ यांच्या हाताखालीं पदार्थविज्ञान शिकलेले जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ च्या सुमारास अवघ्या पांच मिलिमीटर लांबीच्या विद्युल्लहरी निर्माण करून दाखविल्या. त्यानंतर १९०१ मध्यें मार्कोनीनें लांब लहरींवर अटलांटिक महासागरापलीकडे खूण पोंचविली, आणि सारें जग लांब लहरींच्या मागें लागलें. २०२२ च्या लिलावांत २६,००० मेगाहर्ट्‌झचाहि पट्टा होता; त्याची लहर साधारण पावट्याच्या दाण्याएवढी. म्हणजे बोस जेथें एकटे उभे होते त्या मुलखाकडे, सव्वाशें वर्षांनीं, व्यापार वळला आहे.

असो. आईच्या माजघराकडे वळूं. उणे १२१ वरहि एखादे वेळीं फोन वाजत असे. म्हणजे बाहेरची हांक आंत येई, पण आईचे शब्द बाहेर जात नसत. याचें कारण असें कीं संभाषण दुहेरी असतें. मनोरा अनेक वॅट शक्तीनें ओरडतो. ४जी चा फोन मात्र पंचमांश वॅटहून अधिक बळ लावीत नाहीं. मनोऱ्याचें आपणांस ऐकूं येतें, आपली कुजबूज त्याला ऐकूं जात नाहीं. याउलट, बटणांचा साधा २जी फोन ९०० च्या पट्ट्यावर शब्दांचे तुकडे पाडून सोडतांना, प्रत्येक तुकड्याच्या क्षणापुरता, दोन वॅटपर्यंत बळ लावूं शकतो. बाराशें रुपयांचा तो ठेंगणा फोन मीं दुसऱ्या कंपनीच्या सिमकार्डासह आईच्या उशाशीं ठेवला आणि मागीलदारच्या विहिरीपाशीं जाऊन तिला बोलावयास सांगितलें. तिचा शब्द न् शब्द ऐकूं आला. मध्यें ती मांजरावर ओरडली, तेंहि ऐकूं आलें.

भावाला हें पसंत पडलें नाहीं. त्याचें म्हणणें, आवाजावरून आई खरोखर बरी आहे कीं नुसतें ‘बरी आहे’ म्हणते हें कळत नाहीं, तोंड पाहिल्यावांचून कळत नाहीं. आणि यांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. त्यानें रेंज वाढविणारें यंत्र घरावर बसविण्याची कल्पना काढली होती. तसलीं यंत्रें बाजारांत मिळतातहि. पण परवान्यावांचून तीं लावणें कायद्यास मंजूर नाहीं, आणि त्याला कारणहि आहे. एका घरची सोय करतांना असलें यंत्र मनोऱ्याच्या कानांत सारा गोंगाट ओततें आणि आसपासच्या सर्वांचें बोलणें बुडवितें. शेवटीं आम्हां दोघांत ठरलें तें असें: रात्रंदिवस उशाशीं बटणांचा फोन, आणि रविवारीं सकाळीं ऊन असतांना आईनें नवा फोन घेऊन ओटीच्या कडेला बसावें, म्हणजे भावाला तोंड दिसेल.

आमच्यासारखीं घरें या किनाऱ्यावर हजारों असतील. २०२० सालीं शाळा बंद पडल्या तेव्हां कोंकणांतलीं कितीतरी मुलें धडे ऐकण्यासाठीं उन्हापावसांत सड्यावर जाऊन बसत. पुढाऱ्यांच्या भाषणांत ‘गांवांत ४जी आलें’ हें एकच वाक्य असतें; कोणत्या पट्ट्यावर आलें, कोणाच्या माजघरापर्यंत आलें, हें कोणी विचारीत नाहीं. पालकांनीं तें विचारावें. नवा फोन घेतांना मुलें कॅमेरा पाहतात; आजीसाठीं घ्यावयाचा असेल तर तिच्या गांवीं कोणत्या कंपनीचा कोणता पट्टा पोंचतो, आणि तो फोन त्या पट्ट्यावर चालतो कीं नाहीं, हें अगोदर पाहिलेलें बरें.

गेल्या मार्गशीर्षांत सड्यावरच्या मनोऱ्यावर ५जी चीं चौकोनी यंत्रें चढलीं. मी पुन्हां वही घेऊन हिंडलों. वेग खरोखर डोळे दिपविणारा आहे. पण तो सड्याच्या उतारावरून देवळाच्या पिंपळापर्यंत येतो आणि तेथें थांबतो. संध्याकाळीं वाडींतलीं सारीं पोरें त्या पारावर फोन घेऊन बसलेलीं असतात. पारापासून आमचें घर दोनशें पावलें खालीं आहे. तेथें दिवेलागण झाली कीं आई दार लावून घेते, आणि साडेसातला माजघरांतून माझ्याशीं बोलते.