मुक्काम मल्लेश्वरम

बंगळूरला जायचं ठरलं, की यजमान हटकून स्टेशनाजवळचं हॉटेल शोधतात. मैत्रिणींनो, या खेपेला तुम्ही मल्लेश्वरमचा हट्ट धरा. ‘लांब पडेल’ म्हणाले, तर सांगा, मॅजेस्टिकपासून मेट्रोचं एकच स्टेशन!

१८९८ च्या प्लेगनंतर वसलेली ही निवांत वस्ती. रस्त्यांना ‘मेन’ आणि ‘क्रॉस’चे नंबर, त्यामुळे एकटीनं बाहेर पडलात तरी पत्ता सापडतोच. आतल्या गल्लीतलं लहानसं हॉटेल बघा. पैसे भरण्याआधी मात्र खोली पाहा. आतली कडी नीट लागते ना? गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं?

सकाळी दारोदारच्या रांगोळ्या पाहत आठव्या क्रॉसच्या फुलबाजारात जा, वेणी माळा. लोण्याचा डोसा खा. काडु मल्लेश्वराचं देऊळ शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजांनी बांधलं असं सांगतात. समोरच्या नंदीतीर्थात नंदीच्या मुखातून पिंडीवर पाणी पडतं.

डबे, पिठं, मसाले बरोबर घेऊ नका. प्रवासातही स्वयंपाक करायचा, तर मग सुट्टी कसली? चहा दुसऱ्यानं करून पुढ्यात ठेवावा आणि तो गरम असतानाच प्यावा, एवढं सुख चार दिवस तुमच्याही वाट्याला येऊ द्या.