बाईजींची संध्याकाळ आणि माझा हिशेब



मागच्या संवत्सरीला मी बाईजींसमोर हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. बाईजी म्हणजे माझ्या सासूबाई, वय ८६. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, “तू कोणाची गं?”

मी कशाची क्षमा मागते आहे हे त्यांना माहीत नव्हते, पण मला माहीत होते. चार दिवसांपूर्वी रात्री साडेआठला त्या “मला कोणी जेवायलाच दिलं नाही” म्हणत दाराची कडी काढायला निघाल्या होत्या. मी त्यांचे मनगट इतक्या जोरात धरले की सकाळी तिथे निळा डाग उठला. मुलाने विचारले तेव्हा “बांगडी लागली असेल” म्हणून मोकळी झाले. पर्युषणात हिंसाही झाली आणि असत्यही. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. आज सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाच्या तरी घरात आत्ता असेच काही चालले असेल.

पन्नास वर्षे चौविहार पाळणारी ही बाई. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही. आणि आता दिवस मावळला की तिला भूक लागते, घर परके वाटते, माहेरी जायचे असते. संध्याकाळी अशी अस्वस्थता वाढणे हे डिमेन्शियात पुष्कळदा दिसते, हे मला फार उशिरा कळले. तोवर मला वाटायचे, माझ्याच नशिबी हा हट्ट आला आहे.

तीन वर्षांपूर्वी जळगावातल्या एका रुग्णालयात निदान झाले. तपासण्या नीट झाल्या. बी-१२ आणि थायरॉइड पाहिले, मेंदूचा एमआरआय काढला, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर सज्जन होते. पण निघताना एवढेच म्हणाले, “आता काळजी घ्या.” कशी घ्यायची, ते कोणी सांगितले नाही. बाईजींची फाइल जाड होत गेली. त्यात माझे नाव फक्त सहीपुरते होते. मी रात्री झोपते का, माझे बीपी किती, घरात दुसरे कोण आहे, हे त्या फाइलमध्ये कुठेच नाही.

पुढे बाईजींना दोन महिने धुळ्याला नणंदबाईंकडे ठेवले. तिथल्या एका रुग्णालयात महिन्यातून एकदा अशा रुग्णांच्या घरच्यांची बैठक होते असे कळले. मी एसटीने एरंडोल, पारोळा करत अडीच तासांनी पोहोचले. नणंदबाई बाईजींपाशी थांबल्या आणि मी गेले. आम्ही नऊ जणी आणि एक काका होतो. काका पत्नीला सांभाळतात. ते म्हणाले, “ती मला चोर म्हणते,” आणि रडायला लागले. आम्ही सगळ्याच रडलो.

तिथल्या समाजसेविकेने तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, “आत्ताच तर जेवलात” असा वाद घालू नका. जेवल्याची आठवण त्यांच्याकडे राहतच नाही, त्यामुळे त्यांना आपणच खोटे वाटतो. दुसरी, अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावा, पडदे ओढा आणि त्या वेळी हाताला रोजचे ओळखीचे काम द्या. तिसरी, पुढच्या वेळी घरातल्या पुरुषमाणसाला घेऊन या.

दुसरी गोष्ट मी आपल्या पद्धतीने केली. पाच वाजता मुगाची खिचडी आणि कढी, मग दिवे, मग हातात माळ. बाईजी माझे नाव विसरल्या, पण नवकार विसरल्या नाहीत. पूर्वीपासून मुखोद्गत असलेले फार उशिरापर्यंत टिकते म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिले. तरीही काही रात्री भूक लागतेच. तेव्हा मी कोमट दूध देते. याची टोचणी होती म्हणून स्थानकात महासतीजींना विचारले. त्या म्हणाल्या, नियमाला भान लागते, ज्यांचे भानच गेले त्यांच्यावर नियमाचे ओझे टाकू नका, तुम्ही वैयावच्च करा. सहा अभ्यंतर तपांमध्ये वैयावच्च आहे हे लहानपणी पाठ केले होते. पण जे तप करायचे त्याचे शिक्षण कुठे मिळते, हा प्रश्न तेव्हा सुचला नव्हता.

आता मुद्द्यावर येते. बैठक संपली की एक फॉर्म भरून घेतात. हॉल स्वच्छ होता का, माहिती उपयुक्त वाटली का, चहा वेळेवर मिळाला का. आम्ही सगळ्यांनी ‘उत्तम’वर खूण केली. फुकट मिळालेल्या गोष्टीला कोण नावे ठेवणार? वर ‘लाभार्थी १०’ असा आकडा लिहिला गेला. मी बी.कॉम. आहे मैत्रिणींनो, नोकरी कधी केली नाही, पण वही कळते. दुकानात किती गिऱ्हाइके आली हे नफ्याचे गणित नाही. घरी परतल्यावर त्या दहा जणांच्या संध्याकाळी काही फरक पडला का? आणि ज्या बाईला रुग्णाजवळ बसवायला कोणीच नाही, ती त्या दहांत आलीच नाही. खरी गरज तिलाच, आणि ती कोणत्याच आकड्यात नाही.

म्हणून मी घरी वही घातली. चार रकाने : रात्री किती वेळा उठले, दिवसात किती वेळा ओरडले, माझी बीपीची गोळी चुकली का, सामायिक झाली का. शेवटचा रकाना मला सगळ्यात खरा वाटतो. अठ्ठेचाळीस मिनिटे स्वतःची मिळाली की नाही, याहून चांगले माप कोणते? पहिल्या महिन्यात सामायिक झाल्या ४ आणि ओरडणे २३ वेळा. सहाव्या महिन्यात सामायिक १९, ओरडणे ७. यात मोठा वाटा तिसऱ्या गोष्टीचा. आमचे हे एका बैठकीला आले, काकांचे ऐकले आणि परतीच्या एसटीत म्हणाले, “मंगळवार-शुक्रवारची रात्र माझी.” बेचाळीस वर्षांच्या संसारात मी हे मागितले नव्हते, त्यांनीही सुचवले नव्हते.

अर्थात, मधे डॉक्टरांनी एक गोळी बदलली होती, बाईजींचे चालणेही कमी झाले होते. फरक त्यानेही पडला असेल. एका घराच्या वहीवरून निकाल देता येत नाही. पण शेजारच्या गोव्यात हे काम रीतसर झाले आहे. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबे घेऊन अभ्यास केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे कुटुंबांचे दोन गट पाडले. एका गटाकडे स्थानिक, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या सहा महिने घरी जात राहिल्या, मागे डॉक्टरांचा आधार होता. दुसऱ्या गटाला आधी फक्त माहिती दिली, ती मदत नंतर. सहा महिन्यांनी पाहिले तर सांभाळणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य पहिल्या गटात चांगले होते, त्यांचा त्रास कमी झाला होता. रुग्णांच्या वागण्यात आणि कामे करण्याच्या शक्तीत मात्र ठामपणे सांगता येईल असा फरक दिसला नाही.

हे वाचून माझ्या डोक्यात उजेड पडला. अशा मदतीचे यश बाईजींमध्ये शोधायचेच नाही, ते माझ्यात शोधायचे. बाईजी बऱ्या होणार नाहीत. पण त्यांचे मनगट कोणत्या हाताने धरले जाते, ते बदलू शकते.

त्यासाठी माप तयार आहे. झारिट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची २२ प्रश्नांची यादी जगभर वापरतात. स्वतःसाठी वेळ उरतो का, राग येतो का, तब्येत ढासळली का, असे प्रश्न असतात. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ८८. जितके गुण जास्त तितका भार जास्त. समाजसेविकेला मी विनंती केली, तिने मला प्रश्न मराठीत वाचून दाखवले. माझे गुण ५१ आले. सहा महिन्यांनी ३८. चहाच्या फॉर्मऐवजी हा कागद पहिल्या दिवशी आणि सहा महिन्यांनी भरून घेतला, तर रुग्णालयालाही कळेल आपले काय चालते आहे. आणि जे येत नाहीत त्यांना एक फोन करावा. नणंदबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा मी दोन बैठकांना जाऊ शकले नाही. तेव्हा समाजसेविकेचा दहा मिनिटांचा फोन आला. माझ्या वहीत तो बैठकीपेक्षा वरच्या ओळीत आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे की साठीपुढच्या शंभरात सातहून जास्त जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे. बायकांत प्रमाण अधिक. तेव्हा ही गोष्ट आपल्या स्थानकातल्या प्रत्येक रांगेतली आहे. डॉक्टरांकडे जाल तेव्हा रुग्णाचे सांगून झाले की एक वाक्य स्वतःचे सांगा : “मला झोप नाही, मला हात उगारावासा वाटतो.” लाज वाटू देऊ नका. रात्री फारच असह्य झाले तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. ज्येष्ठांसाठीच्या मदतीचा क्रमांक १४५६७. आणि शेजारी कोणी असे घर असेल तर महिन्यातून एक संध्याकाळ तिथे जाऊन बसा, म्हणजे ती सून बैठकीला जाऊ शकेल.

यंदाच्या संवत्सरीलाही बाईजींपुढे हात जोडले. यावेळी मुलासमोर, आणि डागाची खरी गोष्ट त्याला सांगून. बाईजींनी ओळखले नाहीच. पण माझे जोडलेले हात पाहून त्यांनीही हात जोडले, सवयीने. मी ते पुरेसे मानले. वहीत त्या दिवशी सामायिक झाल्याची खूण आहे.

मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.