सिमला ऑफिसातला बर्फ

पुण्यात रिक्षावाल्याला ‘सिमला ऑफिस’ म्हटलं की तो शिवाजीनगरला हवामान खात्यापाशी सोडतो. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं. नाव तेच राहिलं. मला ते योग्यच वाटतं. या खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी १८७६-७८च्या दुष्काळानंतर पावसाचं कोडं सोडवायला घेतलं, तेव्हा त्यांची नजर हिमालयावर गेली. १८८४ साली त्यांनी लिहिलं, की हिमालयात बर्फ जास्त पडला की मैदानात कोरडे वारे सुटतात आणि पाऊस ओढ देतो.

०

ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांच्या वर ऊन परत धाडतो, हे शाळेतही शिकवतात. मला त्याचं वितळणं जास्त विलक्षण वाटतं. एक किलो बर्फाचं नुसतं पाणी व्हायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं! आणि बर्फ गेला तरी माती ओली राहते. मग ऊन त्या ओलीची वाफ करण्यात खर्ची पडतं. दुपारी सडा घातलेल्या अंगणात पाय भाजत नाहीत, तसंच. जमीन तापली नाही की तिच्यावरचा कमी दाबाचा पट्टा दुबळा, आणि समुद्रावरून येणारे वारेही मंद. हिवाळ्यातला बर्फ जून-जुलैपर्यंत पोचतो तो या ओलीतून.

०

काश्मीरमध्ये शोपियांजवळची सफरचंदाची बाग, फेब्रुवारी. झाडाच्या बुंध्याशी गुडघाभर बर्फ हाताने बाजूला केला. खालची माती थंडगार, पण मऊ. बोट सहज दोन पेरं आत गेलं. चार पावलांवर, बर्फ ओढून मोकळी केलेली वाट दगडासारखी गोठलेली. पांघरूणच ते. बागवान म्हणाला, चिल्लई कलानचा बर्फ जमिनीचा, नंतरचा ओढ्याचा. २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याचे चाळीस दिवस म्हणजे चिल्लई कलान. तेव्हाचा बर्फ टिकतो आणि सावकाश मुरतो.

०

डब्यात दहा सेंटिमीटर ताजा, भुसभुशीत बर्फ भरून चुलीपाशी ठेवला. पाणी निघालं जेमतेम एक सेंटिमीटर. पण तेवढंच पाणी पावसाच्या एका सरीत उतारावरून धावत जातं; बर्फातून ते सावकाश मुरतं.

०

शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांच्या सोळा घटकांच्या मॉन्सून-प्रारूपात हिमालयाचा बर्फ होता, युरेशियाचाही. पुढे बर्फ आणि पावसाचं हे नातं पहिल्याइतकं भरवशाचं उरलं नाही. एल निनोचा जोर मोठा, आणि हवाही तापलेली. तरी ओलीचा हिशेब मोडीत काढता येत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

०

जानेवारी २०२४. गुलमर्गच्या उतारांवर तपकिरी, वाळलेलं गवत. बर्फ आला तो महिना सरताना. शोपियांच्या त्या बागवानाला फोन केला. बर्फ पडला म्हणून घरात सगळे खूश होते. तो मात्र बागेत जाऊन माती चाचपून आला होता.