सोंग घरातलं हाय

शिमग्याच्या दिवसांत कसारा लोकल टिटवाळ्यानंतरही रिकामी होत नाही. डोंबिवलीला चढलो, तो आसनगावपर्यंत उभाच. खाली गाठोडी, पातेली, आयांच्या मांडीवर झोपलेली पोरं. दिवाळी उरकली की मोखाडा-जव्हारची कितीतरी कुटुंबं भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. ती आता सणाला घरी निघाली होती.

मोखाड्याचा बोहाडा, म्हणजे रात्रभराचा मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव, बघायला चाललोय म्हटल्यावर शेजारचा माणूस खुलला. त्याच्या बोटांच्या पेरांना मातीने भेगा पाडल्या होत्या.

"भीमाचं सोंग आमच्या घरातलं हाय, भाऊ. बाप घ्यायचा, आता मी घेतो. भट्टीमालकाची उचल फिटायची हाय अजून, पण या रातीला तिकडं पाय थांबत न्हाई."

कसाऱ्याहून जीपने विहीगाव, खोडाळा. वाटेत मध्य वैतरणेचं पाणी लागलं. ते मुंबईला जातं, आणि मोखाड्यातल्या पाड्यांवर उन्हाळा आला की बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला, तोवर हे डोंगर माझ्याच ठाणे जिल्ह्यातले होते. एकदाही आलो नव्हतो, याची लाज वाटली.

रात्री मोखाड्यात लोकलमधल्या त्या माणसाचं सोंग बांधताना जवळ उभा होतो. आधी डोक्याला फडक्याचे घट्ट वेढे, त्यावर कागदाच्या लगद्याचा रंगवलेला मुखवटा, मागून दोरीची गाठ. दोघांनी धरून त्याला उभं केलं. संबळावर आकडी पडली, सनई चढली आणि गाडीत पेंगणारा तो माणूस मशालींच्या उजेडात पाय आपटत निघाला. घराघरांतून बायका ओवाळायला पुढे आल्या. शहरातल्या महोत्सवात मंचावर दहा मिनिटांत उरकलेला हाच नाच मी पाहिला आहे. तिथे टाळ्या होत्या. ज्याच्या घरचं सोंग त्याच्या पायाकडे बघणारं गाव नव्हतं. बोहाडा टिकवायचा तर भट्टीवरच्या माणसाला या रात्री घरी येता आलं पाहिजे, आणि त्यापायी उचलीचा बोजा वाढता कामा नये. मला याहून मोठं जतन सुचत नाही.

पहाटे जगदंबेचं सोंग आलं, महिषासुराशी झुंज झाली. उजाडलं तेव्हा तो ओट्यावर बसला होता, कपाळावर दोरीचा लाल वळ. दोन दिवसांनी परत भट्टी. मुखवटा फडक्यात गुंडाळून त्याने पोराच्या हाती दिला.

"माळ्यावर नको ठेवू. उंदीर लागतात."